‘उलट क्रमाचें’ थोतांड

यंत्रांच्या दुरुस्तीवर इंग्रजींत जीं पुस्तकें निघालीं व अद्यापि निघतात, त्यांत एक वाक्य इतक्या निर्धास्तपणें वावरत आलें आहे कीं, त्याला हटकण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. एखादा भाग कसा सोडवावा हें पांच-दहा कलमांत, आकृत्यांसह, कोणता पाना घ्यावा येथपर्यंत सांगून झालें, म्हणजे ग्रंथकार शेवटीं एका ओळींत मोकळा होतो: जोडणी सोडवणीच्या उलट क्रमानें करावी. झालें! जेथें खऱ्या कामाला सुरुवात व्हावयाची, तेथें पुस्तक मिटतें. आमचें म्हणणें असें आहे कीं, हें वाक्य नुसतें अपुरें नाहीं, तें खोटें आहे. आणि प्रश्न जेव्हां गाडीच्या ब्रेकचा असतो, तेव्हां त्याच्या खोटेपणाची किंमत केवळ वाचकाच्या वेळांत मोजून भागत नाहीं.

वाङ्मयाच्या मासिकांत ब्रेकची चर्चा कशाला, असें विचारणारे वाचक निघतीलच. त्यांस आमचें उत्तर सोपें आहे. ज्या पेशावर आमचें पोट चालतें, तो पेशा दुसऱ्यांचीं वाक्यें तपासण्याचा आहे. कवीनें एखादी उपमा चुकविली तर आपण दोन-दोन अंक वाद घालतों. मग ज्या वाक्याच्या भरंवशावर मनुष्य गाडीखालीं निजतो व नंतर तीच गाडी उतारावर सोडतो, त्या वाक्याची परीक्षा मात्र करावयाची नाहीं, हा कोठला न्याय? गद्य म्हणजे केवळ ललित निबंध नव्हे. कृति सांगणारें गद्य हेंहि गद्यच आहे, आणि तें लिहिणें लघुनिबंधापेक्षां पुष्कळच कठीण आहे. कारण तेथें चुकलेल्या शब्दाला शैली म्हणून खपवितां येत नाहीं.

उदाहरणादाखल आम्ही एकच गाडी व तिचा एकच अवयव घेतों; सर्वच यंत्रांविषयीं बोलूं लागलें म्हणजे तें कोणालाच लागत नाहीं. इंग्लंडांतील ॲबिंग्डन या गांवीं एम्. जी. गाड्यांचा कारखाना १९२९ पासून १९८० पर्यंत चालू होता. तेथें १९६२ सालीं ‘एम्. जी. बी.’ या नांवाची दोन आसनांची उघडी गाडी निघूं लागली, व कारखान्याला कुलूप लागेपर्यंत ती निघत राहिली. तिच्या सर्व प्रकारांच्या मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. हौशी लोकांनीं तिला इतकें जपलें कीं, मूळ कारखाना बंद पडून आठ वर्षें झाल्यावर, म्हणजे १९८८ पासून, तिचे संपूर्ण सांगाडे पुन्हां नवे घडवून विकले जाऊं लागले. अशा गाडीचा आजचा दुरुस्तीकार बहुधा शिकलेला फिटर नसतो. तो गाडीचा मालकच असतो, आणि त्याचा गुरु म्हणजे तें पुस्तक. या गाडीच्या पुढल्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत, मागल्यांना दहा इंच व्यासाचे ड्रम. आम्ही बोलणार आहों तें या मागल्या ड्रमांविषयीं.

ज्यांनीं ही रचना पाहिली नसेल त्यांच्यासाठीं ती थोडक्यांत सांगतों. चाकाबरोबर फिरणारा बिडाचा उथळ डबा, तो ड्रम. त्याच्या आंत, न फिरणाऱ्या पोलादी तबकडीवर, कमानीसारखे दोन शू समोरासमोर उभे असतात, व त्यांच्या पाठीवर घर्षणाचें अस्तर, म्हणजे लायनिंग, असतें. शूंच्या एका टोंकाला सिलिंडर. पेडल दाबलें म्हणजे त्यांतील दोन दट्टे दोहों बाजूंस सरकतात व शूंना फांकवून ड्रमवर दाबतात. दुसऱ्या टोंकाला आधार, आणि त्या आधारांतच शू व ड्रम यांमधील अंतर कमीजास्त करणारा चौकोनी डोक्याचा स्क्रू. पाय उचलल्यावर शूंना परत ओढून आणण्यासाठीं दोन स्प्रिंगा. हँडब्रेकचा दांडा तबकडीच्या छिद्रांतून याच गर्दींत शिरतो. एवढाच संसार, आणि तो सगळा फुटभर जागेंत.

आतां सोडवणी कशी होते तें पाहा. ड्रम ओढून काढला, एका शूच्या टोंकाखालीं जाड स्क्रूड्रायव्हर घालून उचललें, कीं शू खांचेंतून निसटतो, स्प्रिंगांचा ताण एका क्षणांत जातो, आणि सगळा समूह हातांत येतो. येथें क्रम आहे कोठें? एक धक्का आहे व त्याच्या मागून सुटका आहे. या धक्क्याचा उलट क्रम कोणता? जोडतांना दोन शू, दोन स्प्रिंगा व हँडब्रेकचा दांडा या पांच वस्तु एकाच वेळीं आपापल्या जागीं असाव्या लागतात, आणि ताणलेली स्प्रिंग बाकीच्यांना जागेवरून उडविण्यास टपलेली असते. सोडवणींत ज्या गोष्टी आपोआप घडतात, त्या जोडणींत एकदम घडवून आणाव्या लागतात. हा भेद दिशेचा नाहीं, जातीचा आहे. जाणता कारागीर शू गाडीपाशीं नेण्यापूर्वींच टेबलावर त्यांच्यांत स्प्रिंगा अडकवून घेतो. या गाडींत त्या शूंच्या मागल्या अंगानें, म्हणजे तबकडीच्या बाजूनें, जातात. पुढल्या अंगानें अडकविल्या तर फिरत्या हबला घासण्याची भीति. मग ती जोडी अर्धवट मिटलेल्या पोथीसारखी धरून तो तबकडीवर नेतो, दांडा शूंच्या खांचांत घेतो, एक शू दोन्ही टोंकांना बसवितो, दुसऱ्याचें एक टोंक बसवितो, आणि उरलेलें शेवटचें टोंक तरफेनें हळूहळू खांचेवर आणतो. सिलिंडरचे दट्टे मधल्या वेळांत बाहेर येऊं नयेत म्हणून त्यांना रबराचा एक वेढा आधींच घातलेला असतो. सोडवणीचीं कलमें खालून वर वाचून यांतलें एक तरी पाऊल मिळतें का, हें वाचकांनींच पाहावें.

सिलिंडर बदलावयाचा असेल तर पुस्तकाचें वाक्य उघड उघड थट्टेचें होतें. सिलिंडरचा गोल गळा तबकडीच्या छिद्रांतून मागल्या बाजूस येतो, व त्यावरील खांचेंत इंग्रजी ‘ई’ अक्षराच्या आकाराची एक पोलादी चीप दाबून बसवावी लागते. आपल्याकडचे मिस्त्री अशा वस्तूस सरसकट ‘लॉक’ म्हणतात. तेंच नांव बरें. काढतांना हें लॉक उचकटलें, वांकलें, उडून कोपऱ्यांत गेलें, तरी बिघडत नाहीं. तें टाकूनच द्यावयाचें असतें. बसवितांना मात्र सिलिंडर पुढून घट्ट दाबून धरावयाचा, आणि मागें, जेथें हात जेमतेम पोहोंचतो तेथें, लॉकचे सगळे दांत एकदम खांचेंत उतरवावयाचे. नुसत्या बोटांनीं हें साधणें फार कठीण. ज्यांना साधतें, त्यांतले पुष्कळ जण एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचें सॉकेट लॉकवर सपाट टेकवून तें क्लॅम्पनें दाबतात. तें सॉकेट घडविलें नट फिरविण्यासाठीं; येथें तें कांहींच फिरवीत नाहीं, नुसतें सारखा दाब देतें. ही युक्ति ‘उलट क्रम’ या दोन शब्दांतून वाचकानें कशी काढावी, हें आम्हांस तरी कळलेलें नाहीं.

परंतु या झाल्या हाताच्या अडचणी. त्या घाम गाळून सुटतात. वाक्यांतला खरा दोष याहून खोल आहे. ‘उलट क्रमानें जोडा’ असें सांगणारा मनुष्य एक गोष्ट न बोलतां गृहीत धरतो: जें सोडविलें तें बरोबर जोडलेलें होतें. कारखान्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या गाडीविषयीं हें गृहीत धरणें एक वेळ क्षम्य होतें. पण १९६५ च्या सुमाराची गाडी आज साठीला आली आहे. या साठ वर्षांत तिच्या मागल्या ड्रमांत किती हात शिरले असतील याची गणती नाहीं. एकानें दुसऱ्याच गाडीची स्प्रिंग लावली असेल, दुसऱ्यानें शू उलटा बसविला असेल, तिसऱ्यानें हरवलेल्या तुकड्याविनाच ड्रम चढवून दिला असेल. अशी जोडणी सोडवून तिचेंच इमानानें उलट अनुकरण करणारा मनुष्य पूर्वीच्या माणसाची चूक नव्या शूंनिशीं पुन्हां प्रतिष्ठित करतो. हातांत आलेलें एकच हस्तलिखित प्रमाण मानून लेखकाच्या सर्व प्रमादांसह पोथी छापणाऱ्या संपादकाला आपण विद्वान म्हणत नाहीं. मग या शिकवणीला शास्त्र कां म्हणावें?

मग बरोबर काय, हें ठरवावयाचें कशावरून? क्रमावरून नव्हे, कारणावरून. दोन शूंचें काम सारखें नाहीं. गाडी पुढें जात असतां ड्रम ज्या शूवरून सिलिंडरकडून आधाराकडे फिरत जातो, तो शू घर्षणामुळें स्वतःच ड्रमकडे अधिक खेंचला जातो व पायाच्या जोराला हातभार लावतो. दुसऱ्या शूला तेंच घर्षण ड्रमपासून दूर लोटूं पाहतें. पहिल्याला पुढारी शू म्हणूं, दुसऱ्याला अनुगामी. गाडी मागें घेतांना त्यांच्या भूमिका पालटतात. पण गाडी आयुष्यभर बहुधा पुढेंच जाते, म्हणून पुढारी शू अधिक झिजतो. (पुढाऱ्यांचें अन्यत्र याच्या उलट दिसतें, परंतु तो विषय निराळा.) या जातीच्या कित्येक ब्रेकांत अस्तर शूच्या बरोबर मधोमध नसतें, एका टोंकाला उघडी धातु अधिक असते, आणि तें उघडें टोंक कोणीकडे करावयाचें हें शूगणिक ठरलेलें असतें. ज्याला पुढारी व अनुगामी यांतला भेद समजला, त्याला समोरची जोडणी चूक कीं बरोबर हें पारखण्यास आधार मिळतो. ज्याला केवळ क्रम पाठ आहे, त्याच्याजवळ आधार कसला? आधीं जें दिसलें तेवढाच.

एका बाजूचें काम पुरें होईपर्यंत दुसऱ्या बाजूचा ड्रम उघडूं नये, म्हणजे पाहावयास नमुना राहतो, असा सल्ला जाणते लोक देतात. सल्ला शहाणपणाचा आहे. पण उजवी बाजू ही डावीची आरशांतली प्रतिमा आहे, नक्कल नव्हे. आणि त्या नमुन्यावरहि पूर्वीं कोणाचा तरी हात फिरलेला आहे. हीं दोन वाक्यें जोडल्याविना तो सल्ला अर्धाच राहतो.

शिवाय जोडणींतलीं कित्येक कामें अशीं आहेत कीं, सोडवणींत त्यांचा मागमूसहि नसतो. ड्रममधली धूळच घ्या. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. ब्रिटननें १९९९ सालीं त्यावर बंदी घातली खरी. पण वर्षानुवर्षें न उघडलेल्या ड्रमांत काय सांचलें आहे हें बाहेरून कोणाला सांगतां येणार? ती धूळ फुंकून किंवा हवेच्या झोतानें उडवूं नये. ओल्या फडक्यानें टिपावी व फडकें बंद पिशवींत घालून टाकावें. श्वासाबरोबर आंत गेलेल्या त्या तंतूंचा परिणाम दिसण्यास दशकेंच्या दशकें लागतात. तोंवर ब्रेकची आठवणहि राहत नाहीं. मग तबकडीवर ज्या उंचवट्यांना शूची कड घासते, त्यांवर ब्रेकच्या ग्रीजचें नुसतें बोट फिरवावें. अस्तराला त्याचा स्पर्शहि होतां कामा नये. मागल्या आंसाच्या सीलमधून तेल झिरपून अस्तर भिजलें असेल तर आधीं सील बदलावें, नाहीं तर नवे शू थोड्याच दिवसांत जुन्यांसारखे होतात. आणि शू बदलावयाचे ते दोन्ही चाकांचे बदलावे.

येथेंच आपल्या भाषेनें पेरून ठेवलेला एक सापळा आहे. आपल्याकडील गॅरेजांत ब्रेकच्या नळ्यांतील द्रवाला ‘ब्रेक ऑईल’ म्हणतात. पण या गाडीच्या नळ्यांत असावयाचें तें तेल नव्हेच. तो ग्लायकॉलच्या जातीचा द्रव आहे. त्याच्या जागीं, किंवा सिलिंडरच्या रबरी सीलांवर, खरें खनिज तेल पडलें तर रबर फुगतें व दट्टे जागच्या जागीं अडकतात. साधें ग्रीजहि त्या रबराला चालत नाहीं; त्यासाठीं निराळें ग्रीज मिळतें. भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनीं ‘ब्रेक’ या निरुपद्रवी शब्दाला प्रतिशब्द शोधण्यांत आपली शक्ति वेंचली. ‘ऑईल’ हा शब्द परका म्हणून नव्हे, तर खोटा म्हणून येथून काढला पाहिजे, याकडे त्यांचें लक्ष गेलेलें आम्हांस आढळलें नाहीं.

सर्वांत अधिक मौज शेवटीं आहे. नव्या शूंचें अस्तर जुन्याहून जाड असतें, म्हणून चौकोनी डोक्याचा स्क्रू आधीं पुरता मागें फिरवावा लागतो. हें न कळल्यामुळें ड्रमवर हातोडी चालविणारे महाभाग जगांत थोडे नाहींत. ड्रम बसला, चाक चढलें, म्हणजे तो स्क्रू चाक घट्ट अडेपर्यंत आंत फिरवावयाचा, आणि चाक मोकळें फिरूं लागेल इतकाच परत घ्यावयाचा. येथेंहि काम संपत नाहीं. पेडल जोरानें दाबलें म्हणजे शू ड्रममध्यें आपापली नेमकी जागा घेतात, आणि मघाशीं घेतलेलें माप पुन्हां सैल पडतें. तें पुन्हां घ्यावें लागतें. त्यानंतरच हँडब्रेकची तार ताणावयाची. ती तार सोडवणींत सर्वांच्या आधीं सैल केलेली असते, तेव्हां एवढ्या एका ठिकाणीं मात्र ‘उलट क्रम’ खरा ठरतो, हें आम्ही प्रामाणिकपणें नमूद करतों. सिलिंडर उघडला असेल तर नळ्यांतली हवा काढणें आलें. आतां हवा काढण्याचा उलट क्रम कोणता, हें एकदां कोणीं तरी समजावून सांगावें. हवा घालणें?

हा विनोदाचा विषय नाहीं याचें कारण असें. सोडवणींतली चूक दिसते; जोडणींतली चूक झांकली जाते, आणि तिला झांकणारा ड्रम जोडणारा स्वतःच आपल्या हातानें चढवितो. पुढें ती चूक दिसते ती ज्या क्षणीं ब्रेकची खरी गरज लागते त्याच क्षणीं. सुरुवातीच्या वर्षांतल्या या गाडींत चारी चाकांचे ब्रेक द्रवाच्या एकाच जाळ्यावर होते. मागल्या एका शूचें टोंक खांचेंत नीट न बसल्यामुळें सिलिंडरचा दट्टा बाहेर पडला, तर जातें तें एक चाक नव्हे. पेडल सरळ जमिनीला टेकतें. म्हणून ड्रम चढण्यापूर्वीं पेडलला कोणींहि पाय लावूं नये, हें वाक्य मोठ्या अक्षरांत छापावयास हवें. उलट क्रमाच्या शिकवणींत त्याला जागाच नाहीं.

या वाक्याचा कैवार घेणारे दोन प्रकारचे लोक आहेत. पहिले व्यवहारी, ते म्हणतात, पानें वाढतील व किंमत वाढेल. जॉन हेन्स यांनीं १९६६ सालीं ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर आपलें पहिलें दुरुस्ती-पुस्तक काढलें, व पुढें त्यांच्या संस्थेचीं पुस्तकें घरोघर गेलीं. गाडी प्रत्यक्ष सुटी करून, पुन्हां जोडून, मगच लिहावयाचें, असा त्या मालिकेचा बाणा. त्या श्रमांबद्दल आम्हांस आदर आहे, आणि सामान्य माणसाच्या हातीं पाना देण्याचें श्रेय हेन्स यांचें आहे हें आम्ही मोकळ्या मनानें म्हणतों. पण म्हणूनच दोष अधिक डोळ्यांत भरतो. ज्यांनीं स्वतः जोडलें, ज्यांच्या बोटांना ती स्प्रिंग खचित चावली असेल, त्यांच्याहि पुस्तकांत हें वाक्य जागोजाग आढळतें. पानें वांचवावयाचीं होतीं तर दुसऱ्या टोंकाकडून वांचवावीं.

दुसरा पक्ष अधिक विद्वान, आणि म्हणून अधिक घातक. योगायोग असा कीं, त्याच १९६६ सालीं मायकेल पोलान्यी यांचें ‘द टॅसिट डायमेन्शन’ हें पुस्तक प्रसिद्ध झालें. माणसाला जितकें सांगतां येतें त्याहून अधिक कळत असतें, हा त्यांचा सिद्धान्त. सिद्धान्ताशीं आमचें भांडण नाहीं. त्याच्या आडोशाला जाऊन बसणाऱ्यांशीं आहे. हाताचें ज्ञान शब्दांत येतच नाहीं असें हे लोक मोठ्या गूढ मुद्रेनें सांगतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनीं तें शब्दांत आणण्याची खटपट एकदांहि केलेली नसते. तरफेवर किती जोर द्यावा तें बोटांनाच कळावयाचें, हें कबूल. पण स्प्रिंग मागल्या अंगानें जाते, लॉकवर सॉकेट टेकवावें, पेडल दाबून माप पुन्हां घ्यावें, यांत अवाच्य तें काय आहे? हें सर्व आम्हीं वर शब्दांतच सांगितलें. जें सांगतां येत नाहीं तें थोडें आहे. जें सांगितलें गेलें नाहीं तें पुष्कळ आहे. आणि दुसऱ्याला पहिल्याचें नांव देऊन पंडित मोकळे होतात. फिटरला विचारलें तर तो तासभर सांगत बसेल. त्याला कोणीं विचारलें नाहीं, कारण विचारणाऱ्याचे हात पांढरे असतात व त्याचे काळे. ॲबिंग्डनच्या कारखान्यांत १९८० सालीं जो विशींतला होता तो आज पासष्टीच्या घरांत आहे. विचारावयाचें तर दिवस फार उरलेले नाहींत.

हल्लीं हीं कामें चलच्चित्रांतून दाखवितात, मग लिहिण्याची गरज काय, असाहि एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. चित्रांत दिसतें तें कारागिराचें मनगट. काम चाललेलें असतें तें त्या मनगटाच्या पलीकडे. आणि दाखविणारा जें सहज करून जातो त्याचें कारण त्यानें तोंडानें सांगितल्याविना पाहणाऱ्याला कळत नाहीं. म्हणजे पुन्हां शब्दच आले. ड्रम काढून मागेंहि डिस्क बसवाव्या म्हणजे ही कटकटच मिटेल, असें सुचविणाऱ्यांशीं वाद घालण्यास आम्हांस सवड नाहीं. ती गाडी निराळी होईल, आणि तिच्याहि पुस्तकांत तेंच वाक्य असेल.

आमची मागणी मोठी नाहीं. अशीं पुस्तकें लिहिणारांनीं व पुन्हां छापणारांनीं, निदान ब्रेकच्या प्रकरणांत, ती एक ओळ खोडावी. तिच्या जागीं जोडणीला स्वतंत्र कलमें द्यावींत: धूळ कशी टिपावी, स्प्रिंगा कोणत्या अंगानें जातात, कोणत्या शूचें उघडें टोंक कोणीकडे असावें व कां, लॉक कशानें दाबावें, माप दोनदां कां घ्यावें. पुढील पहिल्या कांहीं मैलांनंतर तें तिसऱ्यांदा घ्यावें लागतें, हेंहि सांगावें. आणि पानांत जागा उरत नसेल, तर सोडवणीचीं चार-सहा कलमें खुशाल गाळावींत. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटावें कसें, हें वाचकाला पुस्तकाविनाहि सुचतें.